भाताच्या बांधावरील पादत्राण

तिरुवैयारु परिसरात कावेरीच्या पाण्यावर सांबा हंगामातील भात उभे असते. खोडकिडीचे पतंग टिपणारा प्रकाश सापळा अंधार पडल्यावर तपासावा लागतो. बांधातील बिळांत उंदीर असतात आणि त्यांच्यामागे घोणस येते. तिचा दंश बहुधा पाऊल वा घोट्याला होतो. बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेली कोल्हापुरी वहाण टिकाऊ खरी. परंतु तिच्यात घोटा उघडाच राहतो. अशाच चामड्याचे, घोटा झाकणारे, पातळ तळाचे हातशिलाईचे बूट बांधासाठी अधिक योग्य ठरतात, कारण अरुंद बांधाचा अंदाज पायाला येतो. निव्वळ चामडी तळ मात्र ओल्या मातीवर घसरतो; त्याखाली रबराचा पातळ थर लावून घ्यावा. विषदंत हमखास अडेल असे समजू नये, विजेरी हवीच. चिखलणीत हे बूट निरुपयोगी आहेत. भिजल्यास ते सावलीत वाळवावेत आणि घालण्यापूर्वी झटकावेत. त्यांत विंचू दडतो.