गुडघ्याला घाई चालत नाही

कबड्डीचा चढाईपटू मध्यरेषेकडे वळतो. कोणी त्याला धरलेले नसते, धक्काही लागलेला नसतो. रोवलेल्या पावलावर शरीर गर्रकन फिरते, गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज होतो आणि तो खाली बसतो. दहा मिनिटांनी वेदना ओसरते, मुलगा लंगडत चालू लागतो आणि मैदानावरील जाणती मंडळी ‘लचक भरली’ असे निदान करून मोकळी होतात. संध्याकाळपर्यंत मात्र गुडघा टम्म फुगतो. दुखापतीनंतर काही तासांतच आलेली अशी सूज बहुधा सांध्यातील रक्तस्रावाची असते आणि तरुण खेळाडूंत त्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे अँटिरियर क्रुशिएट लिगामेंट, अर्थात ‘एसीएल’ हा अस्थिबंध तुटणे.

मांडीचे आणि नडगीचे हाड गुडघ्याच्या आत बांधून ठेवणारे दोन अस्थिबंध एकमेकांना फुलीसारखे छेदतात. त्यांतला पुढचा म्हणजे एसीएल. नडगीचे हाड पुढे सरकू न देणे आणि गुडघ्याला नको तेवढा पीळ बसू न देणे ही त्याची कामे. सरळ चालताना त्याची उणीव फारशी जाणवत नाही. म्हणूनच तो तुटलेला असतानाही मुले महिनाभरात पुन्हा मैदानात उतरतात. मग एखाद्या हुलकावणीत गुडघा निसटतो. असे प्रत्येक निसटणे दोन हाडांमधील गादी, म्हणजे मेनिस्कस, फाडू शकते. या दुखापतीत साधा एक्स-रे बहुतेक वेळा निर्दोष दिसतो, हे पालकांनी ध्यानात ठेवावे. अस्थिरोगतज्ज्ञ नडगी हाताने पुढे ओढून पाहतो तेव्हाच त्याला अंदाज येतो. एमआरआयने तो पक्का होतो. तोवर तेल लावून चोळणे आणि शेकणे टाळलेले बरे.

शस्त्रक्रिया प्रत्येकाला लागते असे नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुण प्रौढांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निम्म्यांवर लगेच शस्त्रक्रिया केली गेली, तर उरलेल्यांना आधी केवळ व्यायामोपचार देण्यात आले. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या तक्रारींत लक्षणीय फरक नव्हता आणि दुसऱ्या गटातील बहुतेकांनी शस्त्रक्रिया करून घेतलीच नव्हती. मात्र त्यांत व्यावसायिक खेळाडू नव्हते आणि वाढत्या वयाची मुलेही नव्हती. कबड्डी, खो-खो, फुटबॉल, कुस्ती अशा वळणावळणाच्या खेळांत परतू पाहणाऱ्यास आजही सहसा शस्त्रक्रियेचाच सल्ला मिळतो.

तुटलेला बंध नुसता शिवून सहसा भागत नाही. मांडीच्या मागील स्नायूंची किंवा वाटीखालची कंडरा काढून, हाडांत बोगदे पाडून, ती दुर्बिणीच्या साहाय्याने एसीएलच्या जागी बसवतात. लहान वयात येथे एक पेच असतो. हे बोगदे हाडांच्या टोकांजवळील वाढीच्या पट्टीतून जातात आणि तिला इजा झाल्यास पाय आखूड किंवा वाकडा वाढण्याचा धोका असतो. त्यामुळे अशा मुलांत ही पट्टी वाचविणारे वेगळे तंत्र वापरावे लागते. शल्यविशारदाला हा प्रश्न पालकांनी निःसंकोच विचारावा.

पण खरी कसोटी यानंतरची असते. बसवलेली कंडरा हे एक प्रकारचे कलमच. तिचा रक्तपुरवठा तुटलेला असतो; शरीर तिला आधी काहीसे मोडते आणि मग हळूहळू नव्याने विणते. सुमारे सहा ते बारा आठवड्यांच्या काळात ती सर्वांत दुबळी असते. नेमक्या याच काळात वेदना थांबलेली असते, चाल सुधारलेली असते आणि मुलाला वाटते, आपण बरे झालो.

आरंभी गुडघा पूर्ण सरळ होणे आणि मांडीचा पुढचा स्नायू जागा होणे महत्त्वाचे. शस्त्रक्रियेनंतर हा स्नायू जणू झोपी जातो आणि पाहता पाहता मांडी बारीक होते. पुढे सायकल, बैठका, एका पायावरचा तोल. काही महिन्यांनी धावणे, मग उड्या आणि सर्वांत शेवटी अचानक वळणे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की नवव्या महिन्यापर्यंत खेळात परतणे जितके महिने लांबवले, त्या प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटले. केवळ दिनदर्शिका पाहूनही चालत नाही. स्नायूंची ताकद आणि उडीचे अंतर दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के झाले पाहिजे. पंचविशीच्या आत खेळात परतलेल्यांपैकी चारांत जवळजवळ एकाला पुन्हा एसीएलची दुखापत होते, कधी त्याच गुडघ्याला, तर कधी दुसऱ्या.

आपल्याकडे घाईमागे कारणे असतात. निवड चाचणी, दहावी-बारावीचे क्रीडागुण, शासकीय नोकरीतील खेळाडूंचे आरक्षण. सहाव्या महिन्यात ‘एवढीच स्पर्धा खेळू द्या’ अशी गळ घालणाऱ्या बापाला दोष देणे सोपे आहे. पण वेळापत्रकात दुखापतग्रस्तासाठी जागाच नसेल तर त्याने करावे काय? विनेश फोगटवर ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि वर्षभराने तिने पॅरिस ऑलिम्पिकची अंतिम फेरी गाठली. वजनावरून ती अपात्र ठरली, तो भाग निराळा. दीपा कर्माकारने २०१७च्या शस्त्रक्रियेनंतर जुलै २०१८ मध्ये तुर्कस्तानात सुवर्णपदक मिळवले, पण त्याच वर्षीच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत गुडघ्याने तिला पुन्हा दगा दिला.

सारखाच खेळ खेळणाऱ्या मुलग्यांपेक्षा मुलींमध्ये ही दुखापत कितीतरी अधिक आढळते. उडीनंतर जमिनीवर उतरताना गुडघे आत झुकणे, हे त्याचे एक कारण. ही सवय मोडता येते. फुटबॉलसाठी तयार झालेला ‘फिफा ११+’ हा वीस मिनिटांचा सराव आठवड्यातून दोन-तीनदा करावयाचा असतो. नॉर्वेतील किशोरवयीन मुलींच्या संघांत तो वापरल्यावर गंभीर दुखापती घटल्याचे २००८ साली दिसून आले. त्याला यंत्रे लागत नाहीत. शाळेचे पटांगण आणि मुलींचे गुडघे कोठे झुकतात हे पाहणारा प्रशिक्षक एवढे पुरते.