घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे!

घोरणारा माणूस सुखाने झोपला आहे, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. दिवसभर राबून आलेला माणूस घोरायचाच, असे म्हणून घरचे लोक कूस बदलतात. परंतु घोरता घोरता आवाज एकदम थांबतो, छाती हलते पण श्वास येत नाही, आणि थोड्या वेळाने माणूस गुदमरून दचकतो, ही काही सुखाची झोप नव्हे. हा आजार आहे. डॉक्टर त्याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. १५ फेब्रुवारी २०२२ रोजी संगीतकार बप्पी लाहिरी वयाच्या ६९ व्या वर्षी मुंबईत वारले. डॉक्टरांनी मृत्यूचे कारण म्हणून याच आजाराचे नाव सांगितले, तेव्हा अनेकांनी ते पहिल्यांदा ऐकले.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. मानेभोवती चरबी असेल, टॉन्सिल वाढले असतील किंवा जबडा लहान असेल, तर श्वासाची वाट बंद होते. रक्तातला प्राणवायू उतरतो आणि मेंदू माणसाला अर्धवट जागे करतो. दहा सेकंद किंवा अधिक काळ श्वास थांबला अथवा फार मंदावला, असे तासाला किती वेळा घडते हे तपासणीत मोजतात. ५ ते १५ वेळा म्हणजे सौम्य, ३० च्या पुढे तीव्र. आम्ही कारकुनी करणारी माणसे, म्हणून हिशेब मांडला. ताशी ३० म्हणजे सहा तासांच्या झोपेत १८० वेळा! मग सकाळी डोके दुखणार, दिवसा डुलक्या येणार आणि गोळ्या घेऊनही रक्तदाब उतरणार नाही, यात नवल ते काय?

आमच्या पनवेल भागात या डुलकीची किंमत मोठी आहे. कळंबोलीच्या स्टील मार्केटमधले ट्रक, न्हावा-शेवा बंदराचे कंटेनर, पुण्याकडे जाणारा द्रुतगती मार्ग, या सगळ्यांवर आपलेच भाऊ स्टिअरिंग धरून बसलेले असतात. हा आजार असलेल्या ड्रायव्हरला अपघाताचा धोका जास्त असतो. पण "मालकाला कळले तर गाडी काढून घेईल" या भीतीने माणूस गप्प बसतो आणि घरगुती इलाज शोधतो.

हे इलाज कोणते? कोणी झोप लागावी म्हणून क्वार्टर घेतो. कोणी दुकानातून झोपेची गोळी आणतो. दारूने घसा आणखी सैल पडतो आणि श्वास जास्त वेळ अडतो. झोपेच्या काही गोळ्याही तेच करतात. कोणी तोंडाला पट्टी चिकटवून झोपतो. नाक चोंदलेले असेल तर हा जिवाशी खेळ आहे.

काही जण नळीतून हवेचा दाब देणारे सीपॅप यंत्र जुन्या बाजारातून आणतात. हा उपचार चांगलाच आहे. ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली तो जगापुढे मांडला. परंतु दाब प्रत्येकाचा वेगळा असतो. कमी पडला तर घसा बंदच राहतो, जास्त झाला तर हवा पोटात जाते, मास्क गळतो आणि यंत्र माळ्यावर जाते. काही रुग्णांत तर घसा मोकळाच असतो; मेंदूकडूनच श्वासाचा हुकूम सुटत नाही. त्यांचा उपचार निराळा. हा फरक तपासणीशिवाय कसा कळणार? शिवाय जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने आपली लाखो यंत्रे परत मागवली होती, कारण आतला फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याची भीती होती. जुने यंत्र घेणाऱ्याला हे कोण सांगणार?

घरी करण्यासारखेही पुष्कळ आहे. वजन उतरवावे, दारू-तंबाखू सोडावी, उताणे न झोपता कुशीवर झोपावे. याने फायदा होतो. पण तीव्र आजारात एवढे पुरत नाही. हे तपासणीसोबत करायचे, तपासणीऐवजी नाही.

पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय किंवा कामोठ्याचे एम.जी.एम. येथे छातीच्या अथवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. झोपेची तपासणी कोठे होईल, हे तेच सांगतील. कामगार विम्याचे कार्ड असेल तर आधी तेथे विचारा. ड्रायव्हर बंधूंनी ध्यानी घ्यावे, यंत्र नियमित लावल्यावर अपघाताचा धोका कमी होतो. म्हणजे उपचाराने नोकरी वाचते, लपवण्याने नव्हे.

भगिनींनो, बाई घोरते हे सांगायला लाजू नका. पाळी गेल्यानंतर हा आजार बायकांतही वाढतो. मूल रोज घोरत असेल, तर त्याचेही टॉन्सिल दाखवून घ्या. आणि नवऱ्याला दवाखान्यात एकटे पाठवू नका. त्याचा श्वास रात्री कितीदा थांबतो हे त्याला ठाऊक नसते. ते पाहणाऱ्या तुम्ही आहात. डॉक्टरांना तुम्हीच सांगा.