लॅटिनने न सांगितलेले

लॅटिन ही फार अवघड भाषा, असा आपल्याकडे समज आहे. इंग्रजीच्या वाटेने जाणाऱ्याला ती तशी वाटते हे खरे. पण शाळेत विभक्तीचे तक्ते घोकलेल्या मराठी माणसाला तिची ठेवण ओळखीची वाटते. गेली काही वर्षे मी हौसेने लॅटिन उताऱ्यांचे मराठी करतो आहे. त्या अनुभवातून असे दिसते की, खरी कसोटी विभक्ती ओळखण्यात नाही, तर लॅटिनने जे सांगितलेले नाही ते आपणही न सांगण्यात आहे.

आधी व्याकरणाचा पाया पाहू. ‘मातेर फीलिअम वोकत’ म्हणजे आई मुलीला बोलावते. ‘फीलिअम मातेर वोकत’ असे उलटे मांडले तरी बोलावणारी आईच. ‘फीलिअ’ म्हणजे मुलगी. तिला लागलेला ‘म’ तिचे कर्मपण दाखवतो. मराठीत हेच काम ‘ला’ करतो. म्हणून मी आधी क्रियापद शोधतो, त्याचा पुरुष आणि वचन पाहतो आणि मग कर्त्याकडे वळतो.

अडचण येते ती एकाच रूपाला अनेक अर्थ असल्यामुळे. ‘फीलिआय’ म्हणजे मुलीचा, मुलीला किंवा अनेक मुली. ‘मातेर फीलिआय अक्वम दत’ या वाक्यात क्रियापद एकवचनी आहे, म्हणून ‘मुली’ हा कर्ता बाद होतो. आणि देणे आले की घेणारा हवा, म्हणून ‘आई मुलीला पाणी देते’. संस्कृतात वेगळ्या राहिलेल्या तृतीया, पंचमी आणि सप्तमी लॅटिनमध्ये बव्हंशी एका विभक्तीत मिसळल्या. त्यामुळे ‘ग्लदिओ’ म्हणजे तलवारीने, ‘रोमा’ म्हणजे रोमहून आणि ‘एओ अन्नो’ म्हणजे त्या वर्षी. विभक्ती एकच, पण मराठीत तिची तीन रूपे होतात.

इथवर तक्ते साथ देतात. पुढे भाषांतरकाराची जबाबदारी सुरू होते. नुसते ‘वोकत’ घ्या. बोलावणारा पुरुष की स्त्री, हे लॅटिन क्रियापद सांगत नाही. मराठीला मात्र ‘बोलावतो’ किंवा ‘बोलावते’ असे ठरवावेच लागते. मागच्या वाक्यांत कर्ता सापडेपर्यंत लेखणी थांबवलेली बरी.

कधी मराठी आपल्याला वाचवते. ‘मेतुस होस्तिउम’ म्हणजे शत्रूंची भीती. ती शत्रूंना वाटणारी की शत्रूंमुळे आपल्याला वाटणारी? दुसऱ्या शतकातील रोमन लेखक आउलुस गेल्लिउस याने या दुहेरी अर्थाची नोंद केली आहे. मराठी षष्ठीही तितकीच संदिग्ध आहे. संदर्भ स्पष्ट नसेल तर तिथे ‘शत्रूंविषयीची’ असा खुलासा घुसवू नये.

सर्वांत मोठा धोका संस्कृतातील सति सप्तमीसारख्या रचनेत आहे. ‘आर्के कप्ता दुक्स दिस्केस्सित’: किल्ला घेतला गेला असता सेनापती निघून गेला. किल्ला कोणी घेतला? बहुधा सेनापतीनेच घेतलेला असतो, पण वाक्य तसे म्हणत नाही. शत्रूने घेतला असेल, तर हाच सेनापती माघार घेणारा ठरतो. आपण सहज ‘किल्ला घेऊन सेनापती निघाला’ असे लिहितो, आणि ‘ऊन’ या एका प्रत्ययाने हरलेल्याला विजेता करून टाकतो. इतिहासाच्या साधनात असा बदल म्हणजे खोटी साक्षच. ‘किल्ला पडल्यावर सेनापती निघून गेला’ असे म्हटले की वाक्य सरळ मराठी होते आणि किल्ला घेणाऱ्याचे नाव लॅटिनइतकेच अनुक्त राहते. तो कोण, हे पुढच्या-मागच्या मजकुरातून वाचकाला ठरवू द्यावे.