एका फुप्फुसावर चालणारं काम

फुप्फुसाच्या ऑपरेशनमध्ये सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांचाही दावा एकाच अवयवावर असतो. सर्जनना ते फुप्फुस निपचित पडलेलं लागतं, मला त्यातून पेशंटचा श्वास चालू ठेवायचा असतो. मग वाटणी होते : आजारी फुप्फुस त्यांचं, धडधाकट माझं.

आजचा पेशंट रिक्षा चालवतो, वजन ५० किलो. कधीकाळचा टीबी औषधांनी बरा झाला, पण उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात पोकळी राहिली. त्या पोकळीत बुरशीचा गोळा वाढला आणि खोकल्यातून रक्त पडू लागलं. आपल्याकडच्या छातीच्या ऑपरेशनांच्या यादीत टीबीने मागे ठेवलेली अशी कामं पुष्कळ असतात. इथे दोन फुप्फुसं वेगळी करायची ती केवळ सर्जनच्या सोयीसाठी नाही. उजवीकडचं रक्त डावीकडे उतरलं तर चांगलं फुप्फुसही हातचं जाईल.

त्यासाठी लागते डबल ल्युमेन ट्यूब, म्हणजे एकमेकींना शेजारी-शेजारी जोडलेल्या दोन नळ्या. एकीचं तोंड श्वासनलिकेत उघडतं, दुसरीचं थेट डाव्या फुप्फुसाच्या फाट्यात. स्वीडनच्या एरिक कार्लेन्स यांनी १९४९ साली अशी नळी आणली ती एकेका फुप्फुसाची क्षमता वेगवेगळी मोजायला. ऑपरेशनमध्ये ती नंतर आली. ऑपरेशन उजवं असो वा डावं, आम्ही बहुतेक वेळा डाव्या बाजूचीच नळी घालतो. डावा फाटा साधारण ५ सेंटिमीटर लांब असतो, तिथे नळीला बसायला जागा मिळते. उजवीकडे वरच्या भागाची वाट दीड-दोन सेंटिमीटरवरच फुटते आणि नळीच्या फुग्याने ती बुजू शकते.

नळी बसली की एकेक बाजू चिमट्याने बंद करून स्टेथोस्कोपने ऐकायचं, मग ब्राँकोस्कोप घालून बघायचं. श्वासनलिकेच्या दुभाजकाखाली निळ्या फुग्याची कड जेमतेम दिसली पाहिजे. मग वॉर्डबॉय मामा आणि रेसिडेंट मिळून पेशंटला डाव्या कुशीवर वळवतात आणि मी पुन्हा ब्राँकोस्कोप मागते. वळवताना नळी हलते. नवख्या रेसिडेंटना हे दुसऱ्यांदा बघणं नेहमी जास्तीचं वाटतं.

‘वन लंग करा,’ सर म्हणतात. उजवी बाजू बंद होते, फुप्फुस हळूहळू आक्रसतं. ५० किलोच्या माणसाला दोन फुप्फुसांवर एका श्वासाला मी ४०० मिलिलिटर देत होते, ते आता २५० वर आणते. एकट्या फुप्फुसात सगळी हवा कोंबली तर तेच जखमी होईल. बंद फुप्फुसातून रक्त मात्र वाहतच असतं, प्राणवायू न घेता परत येतं आणि चांगल्या रक्तात मिसळतं. म्हणून पहिल्या अर्ध्या तासात सॅच्युरेशन १०० वरून ९४-९५ पर्यंत घसरतं. ९० च्या खाली ते जाऊ द्यायचं नाही. शरीरही मदतीला येतं : प्राणवायू नसलेल्या भागातल्या रक्तवाहिन्या आपोआप आवळतात आणि रक्त दुसरीकडे वळतं. पाटकरी रिकाम्या वाफ्याचं तोंड बुजवून पाणी पिकाकडे सोडतो, तसंच. स्टॉकहोमच्या फॉन ऑयलर आणि लिलिएस्ट्रांड यांनी १९४६ मध्ये मांजरांवरच्या प्रयोगांतून हे दाखवलं. भुलीचा वायू जास्त झाला तर ही आवळ सैल पडते, त्यामुळे वायूचं प्रमाणही बेताचंच ठेवावं लागतं.

बाहेरच्यांना वाटतं की सॅच्युरेशनच्या आकड्यावर नजर ठेवली की झालं. माझ्या मते तोच सगळ्यात उशिरा बोलणारा साक्षीदार आहे. आज मध्येच पेशंटच्या डोक्याखालची रिंग सरकली आणि मान पुढे वाकली. आकडा ९७, ठोक्याचा आवाज खणखणीत. पण व्हेंटिलेटरवर श्वासाचं प्रेशर २४ वरून ३६ वर चढलं होतं. तेवढीच हवा आत जायला एकाएकी इतका जोर का लागावा? मान वाकली की नळी आत सरकते. ब्राँकोस्कोप घातला तर टोक खालच्या भागात शिरलेलं, वरच्या भागाची वाट बंद. म्हणजे इतका वेळ पेशंट अर्ध्या फुप्फुसावर होता! फुगा सोडला, नळी सेंटिमीटरभर मागे ओढली, फुगा पुन्हा भरला, मान सरळ केली. प्रेशर २५ झालं, आणि आकडा ९१ वर आला तो त्यानंतर. रेसिडेंट दचकला. झालेल्या गोष्टीची बातमी होती ती, मिनिटाभरात ९६.

फुप्फुसाच्या मुळाशी सर्जनचा हात गेला की वेगळा खेळ. हृदय दाबलं जातं, ठोके चुकतात, रक्तदाब बसतो. दंडाचा पट्टा काही मिनिटांनी एकदा मोजणार, म्हणून मनगटातल्या धमनीत बारीक कॅन्युला घातलेली असते. तिची लाट प्रत्येक ठोक्याला दिसते. लाट चपटी झाली की औषधाच्या सिरिंजकडे हात नेण्याआधी पडद्यावरून डोकवायचं. ‘सर, जरा सोडा.’ सर हात सैल करतात, लाट परत उभी राहते. त्याच कॅन्युलातून मधूनमधून रक्ताचा नमुना जातो आणि ऑक्सिमीटर जे सांगू शकत नाही ते कागदावर येतं.

ऑक्सिमीटरला नावं ठेवावीत असं मात्र नाही. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये त्याचं तत्त्व मांडलं. ते हृदयातून वाहणारं रक्त मोजायच्या खटपटीत होते आणि नाडीचा ठोका त्यात अडथळा आणत होता. त्या अडथळ्यातच त्यांना प्राणवायू मोजण्याची युक्ती सापडली. आकडा उतरला की यंत्राचा सूरही उतरतो, त्यामुळे पाठ वळलेली असली तरी कान तिकडेच असतो. पण गार पडलेलं बोट, नखाचा गडद रंग त्याला फसवतात, आणि सावळ्या-काळ्या त्वचेवर ते कधीकधी खऱ्यापेक्षा चांगला आकडा दाखवतं. आपल्या देशात हे विसरून चालत नाही.

शेवटी छातीत सलाइन ओततात. मी बॅग हातात घेऊन हळूहळू दाब वाढवते, २० सेंटिमीटर, मग २५. पडलेलं फुप्फुस ठिकठिकाणी गुलाबी होत फुगतं आणि सगळे पाण्याकडे बघतात. एका कोपऱ्यातून बुडबुडे आले. सरांनी दोन टाके घातले, पुन्हा फुगवलं, या वेळी पाणी स्वच्छ राहिलं.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ वॉर्डात येऊन विचारतात : न थांबता किती जिने चढता, कुठला दात हलतो का, बिडी-सिगारेट किती? कृपा करून खरं सांगा. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात असला तर ऑक्सिमीटर त्यालाही प्राणवायूच समजतं आणि आम्हाला खोटा चांगला आकडा दाखवतं. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी लपून एक ओढली असेल तर तेही सांगा. आम्ही रागावू, पण तयारी त्याप्रमाणे बदलू.