कण्हेर उन्हाळ्यात तग कशी धरते?

नागपूरच्या प्रताप नगरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. कुंड्यांतली नाजूक रोपे माना टाकतात. कुंपणाजवळची कण्हेर मात्र फुललेली असते. असे का? तिचे पान उलटे करून आपण भिंगातून पाहू. बारीक ठिपके दिसतील. हे केसाळ खळगे होत. पर्णरंध्रे त्यांच्या आत, गरम वाऱ्याच्या थेट माऱ्यापासून दूर असतात. शिवाय पानावरचे जाड, मेणचट आवरण पाणी जपते.

पावसाळ्यात कण्हेरीची फांदी लावली की सहज रुजते. मात्र या झुडपाचा प्रत्येक भाग विषारी आहे. त्यातील ओलिअँड्रिन हृदयाची लय बिघडवते. म्हणून निरीक्षणानंतर विद्यार्थ्यांना हात धुवायला लावावेत. छाटलेल्या फांद्या गुरांपुढे टाकू नयेत, जाळूही नयेत.