वैमानिकाची दाढी आणि प्राणवायूचा मुखवटा

मी नांदेडला एका महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो. विमानांशी माझा संबंध म्हणजे डोक्यावरून जाताना आवाज आला की मान वर करायची, एवढाच. तरीही आज मी विमानाविषयी बोलणार आहे, आणि त्यातही वैमानिकाच्या दाढीविषयी. ह्याला कारण आमचाच एक विद्यार्थी. घराणे शिखांचे, पण पिढ्यान्‌पिढ्या गोदावरीकाठी राहिलेले. मराठी माझ्यापेक्षा सफाईदार बोलतो. त्याला वैमानिक व्हायचे आहे. एके दिवशी तास संपल्यावर तो माझ्या मागोमाग खोलीत आला आणि म्हणाला, "सर, परदेशातल्या कित्येक विमान कंपन्या वैमानिकाला दाढी ठेवू देत नाहीत म्हणे. आता हा शिस्तीचा प्रश्न, दिसण्याचा, की खरंच काही धोका आहे?"

मी स्वतः रोज सकाळी दाढी करणारा माणूस. "अरे, शिस्तच असणार," असे मी बोलून गेलो. पण पोराचा चेहरा पाहिला आणि वाटले, हे उत्तर फार स्वस्तात दिले आपण. दाढी हा त्याच्या धर्माचा भाग, आणि वैमानिकी हे त्याचे लहानपणापासूनचे स्वप्न. दोन्हींतले एक सोड असे सांगायचे, तर कारण तरी पक्के हवे. म्हणून मग मी वाचायला बसलो.

धोक्याची गोष्ट आहे ती मुळात हवेची. आपल्याभोवतीच्या हवेत प्राणवायू शेकडा 21 भाग असतो. उंचावर गेले तरी हे प्रमाण बदलत नाही, बदलतो तो हवेचा दाब. अठरा हजार फुटांवर दाब जमिनीवरच्या निम्मा होतो. मोठी प्रवासी विमाने पस्तीस हजार फुटांच्या आसपास, म्हणजे एव्हरेस्टच्याही माथ्यावरून जातात. तिथे दाब चौथ्या हिश्श्याहून थोडा कमीच. इतक्या विरळ हवेत फुप्फुसांत प्राणवायू पुरेसा शिरतच नाही. म्हणून विमानात हवा दाबून भरतात. ती भरूनही आतली हवा साधारण आठ हजार फुटांवर असावी तेवढीच दाट ठेवतात. आपले कळसूबाईचे शिखर 5,400 फूट. त्याच्या दीडपट उंचीच्या डोंगरावर बसल्यासारखे समजा. तेवढे शरीराला सोसते.

आता समजा, ही दाबून भरलेली हवा निसटली. पस्तीस हजार फुटांवर माणसाला काही उपयोगाचे काम करता येईल अशी शुद्ध फार तर अर्धा ते एक मिनिट टिकते. हवा एकदम गेली तर त्याहूनही कमी. आणि ह्या अवस्थेची गंमत म्हणा की क्रूरता, अशी की आपले काही बिघडते आहे हे माणसाला कळतच नाही. गुदमरल्यासारखे होत नाही. उलट कित्येकांना मजेत असल्यासारखे वाटते. नखे निळी पडतात आणि माणूस हसत असतो!

हे पुस्तकी भय नव्हे. 14 ऑगस्ट 2005 रोजी हेलिओस कंपनीचे एक विमान सायप्रस बेटावरच्या लार्नाकाहून अथेन्सकडे निघाले. आतला दाब राखणाऱ्या यंत्रणेची कळ जमिनीवरच्या तपासणीनंतर 'हाती चालवा' ह्या खुणेवर तशीच राहून गेली होती. विमान चढत गेले आणि आतली हवा विरळ होत गेली. इशाऱ्याचा भोंगा वाजला. पण दुसऱ्याच एका बिघाडाच्या इशाऱ्याचा आवाजही नेमका तसाच होता, आणि वैमानिकांना तो वाटला. त्यांनी मुखवटे लावले नाहीत. काही वेळात दोघेही बेशुद्ध झाले. विमान आपोआप चालणाऱ्या यंत्रावर घिरट्या घालत राहिले, आणि इंधन संपल्यावर ग्रीसमधल्या डोंगरावर आदळले. 121 माणसे गेली. आपल्याकडेही 20 सप्टेंबर 2018 रोजी मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात दाबाची कळ लावायची राहिली. प्रवाशांच्या नाकाकानांतून रक्त आले. विमान लगेच मुंबईला परतले म्हणून निभावले.

ह्या दोन्ही प्रसंगांत दाढीचा काडीचाही संबंध नव्हता, हे आवर्जून सांगतो. पण मुखवटा म्हणजे काय चीज आहे, हे त्यांवरून कळते. प्रवाशांच्या डोक्यावरून खाली येतो तो पिवळा पेला निराळा. त्यात प्राणवायू सारखा वाहत असतो, तो चेहऱ्याला घट्ट बसण्याची गरज नसते. तेव्हा दाढीवाल्या प्रवाशांनी निश्चिंत असावे. तो पुरवठा दहा-पंधरा मिनिटांचाच असतो, कारण तेवढ्यात वैमानिकाने विमान दहा हजार फुटांपर्यंत खाली आणावे अशी योजना असते. आणायचे कोणी? वैमानिकाने. म्हणून त्याचा मुखवटा जास्त पक्का. एका हाताने, पाच सेकंदांत चढवता आला पाहिजे, असा नियम आहे. बाजूच्या कळा दाबल्या की त्याचे पट्टे हवेने फुगून मोठे होतात. ते डोक्यावरून घालून कळा सोडल्या की पट्टे आवळून मुखवटा नाकावर, गालांवर आणि हनुवटीखाली गच्च बसतो.

ह्या 'गच्च' शब्दातच सगळा वाद आहे. शिक्षकांसाठी एक सोपा प्रयोग सांगतो. काठ गुळगुळीत असलेला छोटा पेला घ्या. ओठ व हनुवटी आत येतील असा तो तोंडाला लावा आणि आतली हवा ओढून घ्या. पेला चेहऱ्याला चिकटतो, हात सोडला तरी पडत नाही. लहानपणी आपण सगळ्यांनीच हे केले आहे आणि ओठाभोवती लाल वर्तुळ उमटल्यावर आईची बोलणीही खाल्ली आहेत. आता हाच प्रयोग दाढीवाल्या माणसाला करायला सांगा. पेला चिकटत नाही. केसाकेसांमधल्या बारीक फटींतून बाहेरची हवा आत येते. वैमानिकाने श्वास ओढला की मुखवट्याच्या आतही दाब क्षणभर कमी होतो, आणि फट असेल तर बाहेरची विरळ हवा, किंवा कक्षात धूर झाला असेल तर धूर, आत शिरू शकतो. ह्यातून आणखीही एक गोष्ट कळते. खरा प्रश्न दाढीच्या लांबीचा नाही, मुखवट्याची कड जिथे टेकते तिथल्या केसांचा आहे. मिशी सगळीच्या सगळी मुखवट्याच्या आत राहत असेल, तर तिने काही बिघडत नाही. आपल्याकडच्या मिशीवाल्या मंडळींना हे ऐकून बरे वाटेल.

अमेरिकेच्या विमान-खात्याने 1987 साली ह्यावर एक सूचनापत्रक काढले. दाढीमुळे मुखवट्यातून गळती होऊ शकते, एवढे त्यात बजावले आहे. पण ती सूचना आहे, बंदी नव्हे. बंदी घालायची की नाही हे कंपन्यांवर राहिले, आणि कंपन्यांनी बहुधा बंदीच पसंत केली. माझ्या मते त्यात निम्मी काळजी सुरक्षिततेची होती आणि निम्मी छापील फोटोतल्या रुबाबाची. फक्त बोलून दाखवताना पहिलेच कारण पुढे करायचे, ही माणसाची रीत.

मग कॅनडात कोणीतरी ठरवले की तपासूनच पाहू. एअर कॅनडा कंपनीने सायमन फ्रेझर विद्यापीठाला अभ्यास सोपवला. कमीजास्त दाढी असलेल्या माणसांना दाब कमी करता येणाऱ्या कोठडीत बसवले, वैमानिकांचे मुखवटे लावले आणि रक्तातला प्राणवायू मोजला. धुराच्या जागी त्रासदायक वाफ सोडूनही पाहिले. दाढीमुळे धोका होईल असा फरक दिसला नाही. 2018 साली त्या कंपनीने आपला नियम बदलला आणि साडेबारा मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या इंचापर्यंत, कापून नीट राखलेली दाढी चालेल असे ठरवले.

मग माझ्या पेल्याच्या प्रयोगाचे काय? पेला आणि मुखवटा ह्यांत फरक आहे. पेल्याला मागून कोणी आवळत नाही. मुखवट्याचे पट्टे आवळतात. शिवाय वैमानिकाला कळ फिरवून निव्वळ प्राणवायू घेता येतो, आणि संकटाच्या खुणेवर तो आतून दाबानेच येऊ लागतो. मग फट असली तरी वारा उलटा वाहतो, म्हणजे आतला प्राणवायू बाहेर जातो, बाहेरचा धूर आत येत नाही. त्याची किंमत अशी की साठा लवकर संपतो. किती लवकर, हे त्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर मुखवटा बसवून मोजता येते.

हे मी माझ्या विद्यार्थ्याला सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि नेमक्या ठिकाणी बोट ठेवले. "सर, अर्धा इंच म्हणजे कापायचीच की. मी कापणार नाही." खरेच आहे. नियम सर्वांना सारखा, दिसायला उदार, पण ज्याच्यासाठी प्रश्न निघाला त्याला तो लागूच पडत नाही. आमच्या शास्त्रात असल्या उत्तराला 'प्रश्न सोडून दिलेले उत्तर' म्हणतात.

आपल्या देशात मात्र ह्या प्रश्नाला दुसरा इतिहास आहे. पहिल्या महायुद्धात हरदितसिंग मलिक नावाचा शीख तरुण ब्रिटिशांच्या हवाई दलात लढला, तो पगडीवरून बसेल असे खास शिरस्त्राण करून घेऊन. 1971 च्या युद्धात श्रीनगरच्या आकाशात लढता लढता वीरगती मिळालेले आणि परमवीरचक्र मिळवणारे निर्मलजीतसिंग सेखों शीखच. लढाऊ विमानात तर मुखवटा संकटापुरता नसतो, सारखाच तोंडावर असतो! प्रवासी विमानांतही दाढी-पगडीचे शीख वैमानिक आपल्याकडे आहेत. मात्र हवाई दलात ही मोकळीक केस कापणे ज्यांच्या धर्माला वर्ज्य आहे त्यांच्यापुरती आहे. एका मुस्लिम हवाईसैनिकाने दाढीची परवानगी मागितली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 15 डिसेंबर 2016 रोजी ती नाकारली. त्या निकालाचा आधार शिस्त आणि दलातली एकरूपता हा होता, मुखवटा नव्हे. दोन्ही कारणे आपापल्या जागी वजनदार असू शकतील, पण एकाचे नाव घेऊन दुसरे चालवू नये.

माझे स्वतःचे मत विचाराल, तर परीक्षा दाढीची घेऊ नये, मुखवट्याची घ्यावी. प्रत्येक वैमानिकाला त्याच्या चेहऱ्यावर, त्याच्या दाढीसकट, मुखवटा चढवून कोठडीत बसवावे. गळती ठरलेल्या मर्यादेत असेल तर त्याने उडावे, नसेल तर उडू नये, मग दाढी धर्माची असो की हौसेची. मागे बसलेल्या दीडशे-दोनशे माणसांनाही घरी जायचे असते, आणि त्यांनी कोणाच्या श्रद्धेचा करार केलेला नसतो. ह्यावर कोणी म्हणेल, हे खर्चाचे काम आहे. असेल. पण ज्याची जन्माची रोजी ह्यावर अवलंबून आहे त्याला नुसत्या अंदाजाने घरी बसवणे मला पटत नाही.

तो विद्यार्थी त्या दिवशी जाताना माझ्या टेबलावरचा पाण्याचा पेला उचलून बघत होता. रिकामा करून त्याने तोंडाला लावला. पडला. मग दाढी आवळून बांधली, पेला दोन्ही हातांनी दाबून धरला आणि हवा ओढली. बराच वेळ तो तसाच उभा होता. पेला खाली ठेवून म्हणाला, "येते सर, थोडी येते. पण पहिल्याइतकी नाही." वैद्यकीय तपासणीचा अर्ज त्याने भरला आहे.