ना घंटा, ना हजेरीपट : आपला दिवस आपणच बांधावा

"काहून दादा, डोळे लाल झालेत?"

"रात्रीची लाइट होती ना आमच्या फीडरला. पहाटपर्यंत मोटरीपाशीच होतो."

"मग आता कुठं निघालात?"

"तहसीलला. अन् आल्यावर फवारा मारायचाय."

"अहो, पण आज शनिवार आहे!"

रब्बीच्या दिवसांत पाथरीच्या बसस्टँडवर असे बोलणे कानावर पडले तर नवल नाही. माणूस कष्टाळू आहे, रात्रभर जागला आहे. पण फेरी वाया गेली, दिवस मोडला, आणि आता न झोपता तो पाठीवर पंप घेणार आहे. चूक आळसाची नाही. दिवस बांधलेला नाही, ही चूक आहे.

शेतकरी बंधू-भगिनींनो, नोकरदाराचा दिवस दुसरा कोणीतरी बांधून देतो. कारखान्यातल्या कामगाराला भोंगा असतो. १९४८ च्या कारखाना कायद्याने त्याच्या कामाला आठवड्याच्या ४८ तासांची मर्यादा घातली. शेतकऱ्याला ना भोंगा, ना मर्यादा. आपणच मालक, आपणच गडी. मालक म्हणून आपण गड्याला झोपूही देत नाही आणि गडी म्हणून आपण मालकाला हिशेबही दाखवत नाही. किराणा दुकानदार, शिवणकाम करणारी भगिनी, पिठाची गिरणीवाला, या सगळ्यांची गत हीच आहे.

आधी खुंट्या ओळखा

दिनक्रम म्हणजे पहाटे चारला उठण्याची शपथ नव्हे. शेजाऱ्याचा दिनक्रम उचलून आपल्या घरात बसत नाही. त्याच्याकडे दोन म्हशी असतील, तुमच्याकडे नसतील. म्हणून आधी आठ दिवस फक्त नोंद करा. पोराच्या जुन्या वहीत सकाळ, दुपार, सांज, रात्र असे चार रकाने पाडा आणि कोणता वेळ कुठे गेला ते लिहा. चौकात, पारावर, मोबाइलवर गेलेला वेळही लिहा. वही कोणाला दाखवायची नाही, तेव्हा खोटे लिहिण्याचे कारण नाही.

आठ दिवसांनी दिसेल की काही गोष्टी आपल्या हातात नाहीत. त्या खुंट्या समजा. दावे खुंटीलाच बांधावे लागते. आपल्या भागातल्या मोठ्या खुंट्या अशा :

वीज : जिथे सौर फीडरची दिवसाची वीज अजून आलेली नाही, तिथे थ्री फेज लाइट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, अशी पाळीने मिळते. पाळीचे वेळापत्रक लाइनमनकडून लिहून घ्या.

कालवा : पैठणचे जायकवाडी धरण १९७६ साली सुरू झाले. त्याचा सुमारे २०८ किलोमीटरचा डावा कालवा आपल्याकडे येतो. पाणीपाळी धरणातल्या साठ्यावर ठरते. पाळी सुरू झाल्यावर चारी साफ करायला धावण्यापेक्षा ते काम आधीच्या आठवड्यात धरा.

कचेरी : राज्य शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. शनिवार-रविवार कामकाज बंद. कचेरीची सगळी कामे साठवून आठवड्यातून एकाच दिवशी करा आणि निघण्यापूर्वी कागदांची यादी खिशात ठेवा.

जनावरे : धारेची वेळ चुकली की दूध कमी होते. ही खुंटी रोजची आणि दोन वेळची.

कामाला वेळ, वेळेला काम

आता उरलेला वेळ आपला. त्यात कोणते काम कोणत्या प्रहरी शोभते ते पाहा. कापसाची वेचणी दव उतरल्यावर करावी. ओला कापूस घरात आला की खरेदी केंद्रावर ओलाव्याचा प्रश्न निघतो. सीसीआयच्या खरेदीत ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव, त्यापुढे कपात आणि १२ टक्क्यांच्या वर नकार. म्हणजे वेचणीची वेळ हीसुद्धा भावाची बाब आहे.

फवारणी वारा शांत असताना, सकाळी किंवा सांजेला करावी. भर उन्हात, उपाशीपोटी किंवा जागरणानंतर करू नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यामागे कारणे अनेक होती, पण थकल्या अंगाने, तोंडाला फडके न बांधता विषारी औषध हाताळणे म्हणजे संकटाला आवतण. परभणीचे कृषी विद्यापीठ हवामानाधारित सल्ला देते, तो पाहूनच फवारणीचा दिवस ठरवा. पाऊस येणार असेल तर औषध आणि मजुरी दोन्ही वाहून जाते.

मे महिन्यात दुपारी बारा ते तीन अंगमेहनतीचे काम बंद ठेवा. ही वेळ सावलीतल्या कामाची : बी-बियाण्याची यादी, अवजारांची दुरुस्ती आणि हिशेबाची वही.

रात्रपाळीचा आठवडा वेगळा

समजा, आपल्याकडे पाच एकर रान आणि दोन म्हशी आहेत. दिवसाच्या लाइटचा आठवडा असेल तर पहाटे धारा, सकाळी पाणी, दुपारी आराम, सांजेला वखर किंवा फवारा, असे बसते. पण लाइट रात्री दहा ते सकाळी सहा असेल, तर तोच दिनक्रम चालवणे म्हणजे देहाशी वैर. त्या आठवड्याचा कागद वेगळा करा. सांजेला लवकर जेवून दोन तास झोप. पहाटेची धार घरातल्या दुसऱ्याकडे. सकाळी सात ते दुपारी बारा पुन्हा झोप, आणि घरच्यांना सांगून ठेवा की या वेळी उठवायचे नाही. मोठ्या माणसाला दिवसाकाठी सात तास झोप लागतेच, ती दोन तुकड्यांत घेतली तरी चालेल, पण घेतलीच पाहिजे. त्या आठवड्यात फवारा नाही, लांबची मोटरसायकल नाही, आणि उसनवारी किंवा जमिनीचा कोणताही सौदा नाही. जागलेल्या डोक्याने केलेला सौदा पुढे छातीवर बसतो.

रात्री रानात जाताना बूट, बॅटरी आणि काठी घ्या. आखाड्यावर कोण आहे ते घरी माहीत असू द्या. मोटरीला ऑटो लावला असेल तर वायर हाताळण्यापूर्वी मेन स्विच काढा. ऑटोला तुमचा हात दिसत नाही.

आठवड्यातून एक तास वहीचा

शेतीत सगळ्यात जास्त पुढे ढकलले जाणारे काम म्हणजे कागदाचे. एक तास ठरवा आणि मोडू नका. त्या तासात खर्च-जमा, उधारी आणि तारखा लिहा. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर राज्याच्या २०२१ च्या निर्णयानुसार व्याज शून्य पडते. मुदत चुकली की सवलत गेली. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. पीक आपणच मोबाइलवर नोंदवायचे, त्यालाही मुदत असते. या तारखा डोक्यात ठेवू नका, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहा.

घरधनिणीचा दिवस मोजला का?

आपला कागद झाला की शेजारी दुसरा मांडा. बाईमाणूस पहाटे चूल पेटवते, पाणी भरते, भाकरी बांधते, दिवसभर खुरपते किंवा वेचते, आणि सांजेला पुन्हा चूल. आपल्या कागदात दुपारचा आराम आहे आणि तिच्या कागदात नाही, तर तो दिनक्रम घराचा नव्हे. दोघांनी बसून एक-दोन कामे वाटून घ्या. आपली विश्रांती तिच्या जागरणावर उभी राहू नये.

गावकारभाऱ्यांनाही विनंती

सरपंच, तलाठी म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवक म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, यांच्यावर अनेक गावांचा भार असतो हे खरे. पण कोणत्या वारी कोणत्या गावात थांबणार, एवढे फळ्यावर लिहिले तर कित्येकांची मजुरी वाचेल. ग्रामसभा ऐन वेचणीच्या सकाळी ठेवू नये. वीजपाळी आणि पाणीपाळी यांचे वेळापत्रकही त्याच फळ्यावर यावे.

थोडी जागा रिकामी ठेवा

शेवटी एक गोष्ट. दिवस गच्च भरू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यावर अतिवृष्टी कोसळली. अशा वेळी कोणताही कागद टिकत नाही. वासरू आजारी पडते, डीपी जळतो, पाहुणा येतो. म्हणून रोज तासभर मोकळा ठेवा. एखादा दिवस मोडला तर दिनक्रमच फेकून देऊ नका, दुसऱ्या दिवशी खुंटीपासून पुन्हा सुरू करा. मृग, हस्त आणि रब्बीची पेरणी, अशी वर्षातून तीनदा कागदाची फेरमांडणी करा, कारण रान बदलले की दिवसही बदलतो.

पिकाला पाणी कधी, खत कधी, याचा आपण विचार करतो. पिकवणाऱ्याला झोप कधी, घास कधी, याचाही करावा. आज रात्री जेवण झाल्यावर ती जुनी वही शोधा आणि चार रकाने पाडा.